बिल्टी एकाची, गाडी दुसऱ्याची

नंदुरबारहून दोंडाईच्याकडे निघालं की वाटेत रनाळे लागतं. गावाला सुरत–भुसावळ लोहमार्ग आहे, तरी धान्य, खत, मिरची हा माल ट्रकनेच हलतो. तिकडे शहादा–दोंडाईचा रस्त्यावर निमगूळजवळ 18 ऑगस्ट 2019 च्या रात्री एसटी आणि कंटेनर आदळले. दहाहून अधिक माणसं गेली. 4 जुलै 2023 ला शिरपूर तालुक्यात पळासनेरजवळ ब्रेक निकामी झालेला कंटेनर वाहनांना उडवत हॉटेलात घुसला. अशा बातमीत गाडीचा नंबर येतो, चालक येतो. ही गाडी रस्त्यावर काढण्याचा धंदा कुणाचा, ते क्वचितच कळतं.

आपला कायदा गाडी तपासतो, धंदा नाही. मालवाहू गाडीला आठ वर्षांची होईपर्यंत दोन-दोन वर्षांचं पासिंग, म्हणजे योग्यता-तपासणी, नंतर दरवर्षी. पासिंगपुरते चांगले टायर चढवायचे, हा किस्सा ट्रकअड्ड्यावर हसत सांगितला जातो. पण एका मालकाच्या सगळ्या गाड्या एकत्र मांडून त्याची सुरक्षा-श्रेणी ठरवायची पद्धत आपल्याकडे नाही.

अमेरिकेत ती आहे. तिथे आंतरराज्य वाहतूक करणाऱ्या कंपनीला केंद्रीय परिवहन खात्याचा क्रमांक मिळतो आणि तिच्या नोंदी त्या क्रमांकावर चढतात. तिथले लबाड मग तो क्रमांकच टाकून देतात. ऑगस्ट 2008 मध्ये टेक्सासात शर्मनजवळ बस उलटून 17 यात्रेकरू मेले. ज्या कंपनीला बंदी होती, तिचाच कारभार नव्या नावाने चालू होता. आपल्याकडे एवढी खटपटही लागत नाही. टाकून द्यायला क्रमांकच नाही!

रस्त्याने मालवाहतुकीचा 2007 चा कायदा नोंदणी मागतो ती बिल्टी, म्हणजे मालाची पावती, फाडणाऱ्या ट्रान्सपोर्टवाल्याकडे. गाडी बहुधा तिसऱ्याचीच, ब्रोकरने लावून दिलेली. चालकाला दिवसाला 8 आणि आठवड्याला 48 तासांची मर्यादा 1961 च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यात होती, पण 2025 मध्ये रद्द झालेला तो कायदा पाच किंवा अधिक कामगार असलेल्या धंद्याला लागायचा. एक गाडी वडिलांच्या नावावर, दुसरी भावाच्या, तिसरी मेहुण्याच्या. कागदावर तिन्ही धंदे पाचाच्या आत. झोप मात्र चालकाची एकच.

ओव्हरलोडला 2019 पासून 20,000 रुपये दंड, वर प्रत्येक जादा टनाला 2,000. शिवाय जादा माल उतरवल्याशिवाय गाडी हलवायची नाही. गाडी चालवायला लावणाराही कलमात दोषी आहे. पण वजनकाट्यावर सापडतो तो चालक. जानेवारी 2024 च्या संपात चालक अपघातानंतर पळून जाण्यासाठीच्या दहा वर्षांच्या शिक्षेविरुद्ध रस्त्यावर उतरले, त्यामागे हा अनुभवही असणार, असं मला वाटतं.

उपाय नव्या कायद्यात शोधायला नको. मालकाचं नाव प्रत्येक आरसीवर असतं. आरटीओच्या संगणकात ते आधीच पडलेलं आहे. नापास झालेलं पासिंग, ओव्हरलोडचे दंड आणि अपघात त्या नावापुढे, आणि बिल्टी फाडणाऱ्याच्याही नावापुढे, मांडायला फक्त आदेश हवा.