पन्नास मीटरांत हरवलेला वेग

नळीतून सुटलेली गोळी हवा कापत जाते आणि दर मीटरला थोडा थोडा वेग गमावत राहते. ती आपला वेग किती टिकवते, हे सांगणारा आकडा म्हणजे बॅलिस्टिक कोएफिशंट, नेमबाजांच्या बोलण्यातला ‘बीसी’.

1 ऑगस्ट 2024 रोजी कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिस ऑलिंपिकमध्ये 50 मीटर रायफल थ्री पोझिशनचे कांस्यपदक जिंकले. या प्रकारातली पॉइंट टू-टू गोळी जेमतेम 2.6 ग्रॅमची असते आणि दहा गुणांचे वर्तुळ 10.4 मिलिमीटरचे. आडवा वारा गोळीला किती ढकलणार, ते तिने वाटेत गमावलेल्या वेगावर ठरते. म्हणून बीसी काढण्याची खटपट.

समजा, नळीपाशी वेग सेकंदाला 330 मीटर भरला आणि 50 मीटरवर 300. तुलनेसाठी एक इंच व्यासाचा, एक पौंड वजनाचा ‘जी1’ हा प्रमाण गोळा घेतात; त्याचा बीसी 1. समुद्रसपाटीला 20 अंशांच्या हवेत त्याचा वेग 330 वरून 300 वर यायला सुमारे 385 मीटर लागतात. आपल्या गोळीने तेवढाच वेग 50 मीटरांत गमावला. 50 भागिले 385, म्हणजे 0.13. या गोळीला 50 मीटर कापायला हवा नसतानापेक्षा साडेसात मिलिसेकंद जास्त लागतात. सेकंदाला 2 मीटरच्या आडव्या झुळकीने ती 15 मिलिमीटर सरकते. दहाचे वर्तुळ हुकलेच.

ही रीत जुनी आहे. इंग्रज गणिती बेंजामिन रॉबिन्सने 1742 च्या ग्रंथात वर्णन केल्याप्रमाणे टांगलेल्या जड लोलकावर गोळी झाडून, त्याच्या झोक्यावरून वेग काढला. लोलक दूर नेऊन पुन्हा झाडले की वाटेत हवेने किती वेग खाल्ला ते कळे, आणि तो समजुतीपेक्षा फारच जास्त निघाला. केवढी साधी आणि केवढी धीट युक्ती! हाच रॉबिन्स पुढे ईस्ट इंडिया कंपनीच्या किल्ल्यांच्या कामावर हिंदुस्थानात आला आणि 1751 मध्ये कडलूरजवळच्या सेंट डेव्हिड किल्ल्यात वारला.

आता लोलकाऐवजी गोळीचा वेग मोजणारा क्रोनोग्राफ असतो, पण खरी अडचण तीच: हिशेब वेगांवर नव्हे, त्यांच्यातल्या फरकावर उभा असतो. दुसरा वेग 300 ऐवजी 301 वाचला गेला, तर बीसी 0.135 होतो. दोन क्रोनोग्राफ 10 मीटरवरच ठेवले तर फरक सेकंदाला सुमारे सहाच मीटरचा, आणि एका मीटरच्या चुकीने उत्तर सहाव्या हिश्शाने बिघडते. म्हणून अंतर लांब हवे, एकच गोळी दोन्ही यंत्रांवरून जायला हवी, आणि आधी दोन्ही यंत्रे शेजारी ठेवून ताडून पाहिलेली हवीत.

शिवाय हवा. फुलसावंगीसारख्या विदर्भातल्या गावात पारा 10 अंशांवरून 45 वर गेला, की तेवढ्याच दाबाला हवा 11 टक्के विरळ होते. ध्वनीचा वेगही सेकंदाला 337 वरून 358 मीटरवर जातो, आणि ध्वनीच्या वेगाजवळ हवेचा रोध झपाट्याने बदलतो. मे महिन्यातले मोजमाप 20 अंशांच्या कोष्टकाशी लावले, तर गोळी आहे त्याहून सरस ठरते. तापमान, दाब आणि प्रमाण गोळा न सांगता खोक्यावर छापलेला बीसी म्हणूनच अर्धवट आकडा आहे.