गावाचे स्वतःचे अग्निशमन पथक : गरज, उभारणी आणि निगा

१४ एप्रिल ही तारीख उच्चारताच आपल्या समाजाच्या डोळ्यांसमोर जयंतीची मिरवणूक उभी राहते. याच तारखेला देशभरातील अग्निशमन दले आपल्या मृत सहकाऱ्यांना मानवंदना देतात, हे मात्र आपल्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असते. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत उभ्या असलेल्या 'फोर्ट स्टिकीन' या जहाजाला दुपारी आग लागली. जहाजात कापसाच्या गाठी होत्या आणि सुमारे १४०० टन स्फोटकेही होती. चार वाजून गेल्यावर प्रचंड स्फोट झाला आणि शेकडो माणसे दगावली. त्यांत आग विझविण्यास गेलेले मुंबई अग्निशमन दलाचे ६६ जवान होते. त्यांच्या स्मरणार्थ १४ ते २० एप्रिल हा अग्निशमन सेवा सप्ताह पाळला जातो.

इतिहासाच्या अभ्यासकाला या घटनेत शौर्याइतकीच आणखी एक गोष्ट दिसते. आग दिसल्यापासून स्फोटापर्यंत दोन तासांहून अधिक अवधी हाती होता. तेथे बंब होते, माणसे होती, पाण्याला तर तोटाच नव्हता. परंतु जहाज जागीच बुडवावे की गोदीबाहेर ओढून न्यावे, याविषयी मतभेद राहिले आणि निर्णायक आज्ञा कोणी दिली नाही. आगीशी लढताना साधनांइतकीच संघटना महत्त्वाची असते, हा या दुर्घटनेचा धडा आहे. आपल्या गावांना तो कसा लागू पडतो, ते येथे मांडण्याचा आमचा प्रयत्न आहे.

प्रथम कायद्याची बाजू पाहू. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने संविधानात बारावी अनुसूची आली. नगरपालिकांकडे सोपवावयाच्या १८ विषयांत तिने अग्निशमन सेवेचा स्पष्ट समावेश केला. ७३ व्या दुरुस्तीने पंचायतींसाठी अकराव्या अनुसूचीत २९ विषय दिले. त्यांत अग्निशमन सेवा नाही. म्हणून लोहा किंवा कंधार या शहरांत ही सेवा नगरपालिकेचे कर्तव्य ठरते, तर वाडी-तांड्यावरील माणसाला शहरातून येणाऱ्या बंबाची वाट पाहावी लागते. बंबापासून गाव २० किलोमीटर अंतरावर आहे असे धरा. ताशी ४० किलोमीटर वेगाने बंब निघाला तरी अर्धा तास जातो. तेवढ्या वेळात कडब्याची गंजी राख होते, गोठ्यातील दावणीची जनावरे होरपळतात आणि पत्र्याचे घर आतून जळून जाते. तो पहिला अर्धा तास गावकऱ्यांनाच सांभाळावा लागतो.

जगात अनेक देशांनी ही जबाबदारी नागरिकांच्या पथकांवर सोपविली आहे. १७३६ साली अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथे बेंजामिन फ्रँकलिन यांनी शेजाऱ्यांचे अग्निशमन मंडळ स्थापन केले. प्रत्येक सभासदाने चामड्याच्या बादल्या आणि सामान वाचविण्याच्या पिशव्या स्वखर्चाने बाळगाव्यात आणि सभेला गैरहजर राहिल्यास दंड भरावा, असा त्यांचा नियम होता. चिली देशात आजही अग्निशमनाचे काम विनावेतन स्वयंसेवक करतात. जर्मनीतील खेडी आणि लहान शहरे प्रामुख्याने स्वयंसेवी दलांवरच विसंबून आहेत. आपल्याकडे नागरी संरक्षण, होमगार्ड आणि अलीकडची 'आपदा मित्र' योजना यांनी प्रशिक्षित स्वयंसेवकाची कल्पना रुजविली आहे. गावपातळीवर तिला स्थायी रूप देणे आपल्या हाती आहे.

आपल्या भागातील आगी बहुधा ठरलेल्या कारणांनी लागतात. सोयाबीनची बनीम, कडब्याची गंजी, तारांच्या घर्षणाने पेटलेला ऊस, बांध जाळताना वाऱ्याने पसरलेली आग, घरातील जुनी वायरिंग आणि गॅसची गळती ही त्यांतील प्रमुख होत. माळेगावच्या यात्रेसारख्या ठिकाणी कापडी पाले, चुली आणि गर्दी एकत्र येतात, तेथे ठिणगीही पुरते. आगीला जळाऊ पदार्थ, प्राणवायू आणि उष्णता ही तिन्ही लागतात. त्यांपैकी एक काढून घेतले की ती विझते. गंजीवर पाणी मारणे म्हणजे उष्णता काढणे, पेटत्या तेलाच्या कढईवर झाकण ठेवणे म्हणजे प्राणवायू तोडणे, आणि शेजारची गंजी ओढून दूर नेणे म्हणजे जळाऊ पदार्थ हटविणे. तेलावर पाणी का ओतू नये आणि विजेच्या आगीवर पाणी का मारू नये, हे प्रत्येक स्वयंसेवकाला समजलेच पाहिजे. तेलावर पाणी पडताच त्याची क्षणात वाफ होऊन पेटते तेल चौफेर उडते. वीज पाण्यातून माणसापर्यंत पोहोचते.

पथकाला साधारण २० माणसे पुरतात. त्यांचा एक प्रमुख आणि एक उपप्रमुख असावा. आगीच्या जागी आज्ञा एकाचीच चालावी. उरलेल्यांचे चार गट करावेत : पाणी पुरविणारा, आग विझविणारा, माणसे व जनावरे बाहेर काढणारा, आणि निरोप, वीज व प्रथमोपचार पाहणारा. दिवसा पुरुष शेतात किंवा कामावर परगावी असतात, म्हणून पथकात महिलांचा सहभाग अपरिहार्य आहे. सूचना देण्यासाठी विहारातील, मंदिरातील किंवा मशिदीतील ध्वनिक्षेपक वापरता येतो. महाराष्ट्रातील अनेक गावांत असलेली ग्रामसुरक्षा यंत्रणाही उपयोगी पडते. तिच्यात एका फोनवर साऱ्या गावाला निरोप जातो. त्याच वेळी १०१ किंवा ११२ वर कळवावे आणि गॅसच्या गळतीसाठी १९०६ हा क्रमांक लक्षात ठेवावा.

पथक सर्व वस्त्यांचे असावे, हे आम्ही विशेष आग्रहाने सांगतो. १९७८ साली विधिमंडळाने नामांतराचा ठराव केल्यानंतर मराठवाड्यात आपल्या वस्त्यांतील घरे जाळली गेली आणि नांदेड जिल्ह्याने ती झळ सोसली. जाणूनबुजून लावलेली आग रोखणे हे शासनाचे आणि कायद्याचे काम आहे. पथक त्याला पर्याय नव्हे. परंतु ज्या गावात सर्व वस्त्यांतील तरुण एकाच नळीला हात लावून सराव करतात, तेथे शेजाऱ्याचे घर हे आपलेच घर आहे अशी सवय जडते. महाडला २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी पाण्याचा हक्क बजावला. आगीच्या वेळी कोणतीही विहीर, कोणताही हौद आणि कोणताही बोअर सर्वांसाठी खुला राहील, असा ग्रामसभेचा लेखी ठराव असणे हा त्या हक्काचाच रोजच्या व्यवहारातील विस्तार होय.

आता साधनांकडे वळू. गावातील ट्रॅक्टरचा ५००० लिटरचा टँकर हा पथकाचा कणा असतो. मिनिटाला ५०० लिटर पाणी फेकणारा डिझेल पंप त्याला जोडला तर टँकर १० मिनिटांत रिकामा होतो. म्हणून पहिला टँकर फवारत असतानाच दुसरा भरावयास लागला पाहिजे. उन्हाळ्यात एक टँकर रात्री भरूनच उभा करावा. नळीची जोडणी हा दुर्लक्षित विषय आहे. अग्निशमन दलाची नळी ६३ मिलिमीटरची असून तिची जोडणी झटक्यात बसणारी असते. शेतातील नळी क्लिपने आवळलेली असते. दोहोंना जोडणारा तुकडा पथकाकडे नसेल, तर आलेल्या बंबाला गावचे पाणी देता येत नाही. पाठीवरचा १६ लिटरचा फवारणी पंप बांधावरील गवताच्या आगीवर उत्तम चालतो. मात्र त्यात औषधाचा अंशही राहिलेला नसावा. याशिवाय शिडी, गंजी ओढण्याची लांब आकडी, कोयते, फावडी, ओली गोणपाटे, दोरखंड, विजेऱ्या, हेल्मेट आणि चामडी बूट हवेत. अंगावर सुती कपडेच असावेत. नायलॉन वितळून कातडीला चिकटते. वाळूच्या लाल बादल्या गोल बुडाच्या असतात, कारण त्या खाली ठेवता येत नाहीत आणि म्हणून इतर कामाला कोणी नेत नाही.

स्वयंसेवकाने काय करू नये, हेही स्पष्ट असावे. महावितरणच्या कर्मचाऱ्याने पुरवठा बंद केल्याची खात्री होईपर्यंत विजेच्या तारांजवळ पाणी मारू नये. धुराने भरलेल्या खोलीत एकट्याने शिरू नये. आगीपेक्षा धुरानेच माणसे अधिक मरतात. तापलेल्या गॅस सिलिंडरजवळ जाऊ नये. सर्वांना दूर न्यावे. भाजलेल्या भागावर किमान २० मिनिटे साधे वाहते पाणी सोडावे. हळद, शाई किंवा टूथपेस्ट लावू नये.

पथक उभारण्यापेक्षा ते चालू ठेवणे कठीण असते. पहिल्या वर्षाचा उत्साह ओसरला की नळीला उंदीर लागतात, पंपाचे डिझेल संपलेले असते आणि खोलीची किल्ली सापडत नाही. यावर उपाय नोंदवहीचा. दर महिन्याच्या ठरावीक दिवशी पंप १० मिनिटे चालवावा, नळ्या वाळवून गुंडाळाव्यात आणि सराव घेऊन पाणी सुटायला किती मिनिटे लागली ते लिहावे. खर्चासाठी ग्रामपंचायतीच्या विकास आराखड्यात तरतूद मागावी, वर्गणीचा हिशेब ग्रामसभेत वाचून दाखवावा आणि स्वयंसेवकांचा अपघात विमा उतरवावा.

हीच शिस्त निवासी शाळेलाही लागू आहे. २३ डिसेंबर १९९५ रोजी हरियाणातील डबवाली येथे शालेय समारंभाच्या मंडपाला आग लागून चारशेहून अधिक माणसे मरण पावली. १६ जुलै २००४ रोजी तामिळनाडूतील कुंभकोणम येथे गवती छपराच्या शाळेत ९४ मुले जळून गेली. त्यानंतर २००९ साली अविनाश मेहरोत्रा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सुरक्षित शाळा हा शिक्षणाच्या हक्काचाच भाग मानला आणि शाळांत अग्निशामक यंत्रे व शिक्षकांचे प्रशिक्षण असावे असे आदेश दिले. महाराष्ट्राच्या २००६ च्या आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियमाने यंत्रणा सुस्थितीत ठेवण्याची जबाबदारी इमारतीच्या मालकावर व भोगवटादारावर टाकली असून, जानेवारी आणि जुलैमध्ये परवानाधारक संस्थेचे प्रमाणपत्र द्यावे लागते. भिंतीवरील यंत्राचा काटा हिरव्या पट्ट्यात आहे का, हे आठवीच्या विद्यार्थ्यालाही पाहता येते. पावडरचे ६ किलोचे यंत्र अर्ध्या मिनिटाच्या आत रिकामे होते. म्हणून खीळ काढून ज्वालांच्या शेंड्यावर नव्हे, तर बुडाशी मारा करणे सर्वांना सरावाने यावे. वसतिगृहाचे दार रात्री बाहेरून कुलूपबंद नसावे, हा नियम तर बिनखर्ची आहे.

माजी विद्यार्थ्यांपैकी कोणी वीजमंडळात आहेत, कोणी रुग्णालयात, कोणी पोलीस दलात, तर कोणी शेती करतात. प्रत्येकाने आपल्या गावी १० जणांना एकत्र बसवून पाण्याच्या जागांचा एक हातनकाशा काढावा, एवढीच आमची विनंती आहे. येत्या १४ एप्रिलला मिरवणूक निघण्यापूर्वी सकाळी अर्धा तास पंप चालवून पाहावा आणि नळीतून पाणी सुटायला किती मिनिटे लागली, ते नोंदवहीच्या पहिल्या पानावर लिहावे.