अर्ध्या मिलिमीटरचा हिशेब

अंधेरीत १९७३ साली सीप्झ हे निर्यात क्षेत्र उभं राहिलं ते इलेक्ट्रॉनिक्ससाठी. अशा ठिकाणच्या कारखान्यात सर्किट बोर्डाच्या दोन्ही बाजू यंत्रं जुळवतात. घाटकोपर-मुलुंडला घरी प्रोजेक्ट करणाऱ्या विद्यार्थ्याकडे मात्र लॅमिंग्टन रोडवरून आणलेला तांब्याचा बोर्ड, लेझर प्रिंट, इस्त्री आणि नको असलेलं तांबं विरघळवणारं फेरिक क्लोराइड एवढंच असतं. तरीही जुळणी चोख होते. चूक कुठून येते तेवढं कळायला हवं.

१.८ मिमीच्या पॅडमध्ये ०.८ मिमीचं भोक पाडलं की भोवती अर्ध्या मिलिमीटरची कडी उरते. दोन्ही बाजू एकमेकींपासून तेवढ्याच सरकल्या, तर मागच्या बाजूला भोक पॅडच्या काठाला टेकतं आणि तिथे सोल्डर धरायला तांबं राहत नाही.

चूक येण्याच्या वाटा तीन: सर्किट छापलेला कागद सरकतो, तिरका बसतो किंवा त्याचं मापच बदलतं. एका अंशाचा तिरकेपणा मध्यापासून ५० मिमीवर जवळपास ०.९ मिमी भरतो. म्हणून जुळणीच्या फुल्या समोरासमोरच्या कोपऱ्यांत, एकमेकींपासून शक्य तितक्या लांब हव्यात. माप मात्र कागद हलवून सुधारत नाही. प्रिंटरच्या उष्णतेने कागदातला ओलावा उडून तो आकसतो, पावसाळी हवेत पुन्हा फुगतो, आणि तेही उभं-आडवं सारखं नाही. त्यामुळे दोन्ही बाजू एकाच कागदावर, एकाच दिशेने छापाव्यात. १०० मिमीच्या उभ्या-आडव्या रेघा छापून मोजाव्यात, ९९.५ भरल्या तर प्रमाण वाढवून पुन्हा छापावं.

वरची बाजू आरशातल्यासारखी उलटी छापायची. मग दोन्ही बाजूंचे कागद कापून वेगळे करायचे, छापील बाजू आत ठेवून खिडकीच्या काचेवर धरायचे आणि फुलीवर फुली आणायची. कडेला बोर्डाच्याच जाडीच्या, म्हणजे १.६ मिमीच्या तुकड्यांवर दोन्ही कागद चिकटवायचे. जाडी सारखी असल्याने घासून स्वच्छ केलेला बोर्ड या पाकिटात सरकवताना कागद ताणले जात नाहीत. मग दोन्हीकडून इस्त्री, की छपाई तांब्यावर उतरते.

ड्रिलही सरळ हवं. ते दहा अंश कललं, तर १.६ मिमीच्या जाडीत भोक पलीकडे ०.२८ मिमी सरकून निघतं. अर्ध्याहून अधिक कडी तिथेच संपते.

तयार बोर्ड आज सहज मागवता येतात. तरीही इलेक्ट्रॉनिक्स शिकणाऱ्या प्रत्येकाने असा एक तरी बोर्ड हाताने करावा. चूक सरकण्याची, तिरकेपणाची की मापाची, हे ओळखण्याची सवय त्याशिवाय लागत नाही.