काना लपत नाही

शिरपूरहून मुंबई-आग्रा महामार्गाने पन्नासेक किलोमीटरवर धुळं. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी 31 डिसेंबर 1926 रोजी तिथेच देह ठेवला आणि पाठोपाठ त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ उभं राहिलं. इतिहासाची साधनं दारोदार फिरून गोळा करणारा माणूस म्हणून खानदेश त्यांना ओळखतो. महानुभावांच्या सांकेतिक लिपीची त्यांनी केलेली उकल मात्र फारशी कुणाच्या बोलण्यात येत नाही.

आपलं धर्मवाङ्मय परक्या हाती पडू नये म्हणून महानुभाव पंथाने पोथ्या गुप्त लिप्यांत लिहिल्या. सकळ, सुंदरी, अंक, शून्य अशा वीसहून अधिक लिप्या होत्या. त्यांतली सकळ लिपी सर्वांत प्रचलित. तिचं श्रेय चौदाव्या शतकातल्या रवळोबासांना दिलं जातं. म्हाइंभटांचं 'लीळाचरित्र' तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातलं, पण पंथाबाहेरच्या मराठी वाचकाला त्याचा शतकानुशतकं पत्ता नव्हता. विसाव्या शतकाच्या आरंभी राजवाड्यांनी उकल केली, वि. ल. भावे यांनीही हे वाङ्मय प्रकाशात आणलं, आणि मराठीच्या प्रारंभकाळाचा इतिहास नव्याने लिहावा लागला.

एका अक्षराच्या जागी दुसरं ठरलेलं चिन्ह, ही अशा लिपीची मूळ रीत. तिच्यातली कच्ची बाजू बगदादच्या अल-किंदीने नवव्या शतकातच दाखवून दिली होती: चिन्हं मोजा. प्रत्येक भाषेत काही अक्षरं सारखी येतात, काही क्वचित. अक्षराचं रूप बदललं तरी त्याचं येणं-जाणं तेवढंच राहतं.

एक साधं वाक्य घ्या: 'शिरपूरच्या बाजारात कापसाचा भाव चांगला होता.' यात काना 11 वेळा आहे. त्याच्या खालोखाल 'च' आणि 'र', तेही तीन-तीनदाच. आता प्रत्येक अक्षराला आणि मात्रेला वेगळं चिन्ह देऊन हे वाक्य लिहा. अकरा वेळा आलेलं चिन्ह आपण कोण ते स्वतःच सांगेल. काना सापडला की 'चा', 'ला', 'ता' हे शेवट उलगडू लागतात. एका ओळीवर भरवसा ठेवता येत नाही, तिथे योगायोगही असतो. पानभर मजकूर हवा. पोथ्यांत तर 'सर्वज्ञ म्हणाले' अशा अर्थाचे बोल पुन्हा पुन्हा येतात. उकलणाऱ्याला याहून मोठा आधार नाही. आजची संगणकी कूटं याच धड्यावरून घडली: त्यांत एकच अक्षर दर वेळी वेगळं होऊन बाहेर पडतं, म्हणून नुसत्या मोजणीला ती दाद देत नाहीत.

मोजणीचं काम तिथे संपत नाही. कोणता मजकूर कोणत्या भाषेतला, हे संगणक अशाच वारंवारतेवरून ओळखू शकतो. प्रमाण मराठीत 'चा, ची, चे' पानोपानी भेटतात. अहिराणीत त्यांच्या जागी 'ना, नी, नं' येतात: रामचा नव्हे, रामना. 'आहे'च्या जागी 'शे'. म्हणजे 'च' उतरतो, 'न' चढतो. व्याकरणाचं पुस्तक न उघडताही दोन बोलींतला फरक आकड्यांत दिसतो. मला हा भाग सर्वांत मोलाचा वाटतो. पण लिखित मजकूरच नसेल तर मोजायचं काय?

शिरपुरात अभियांत्रिकीची महाविद्यालयं आहेत आणि आसपासच्या गावांत अहिराणी ओव्या, म्हणी, गोष्टी तोंडपाठ असलेल्या आज्या आहेत. विद्यार्थ्यांनो, या दिवाळीच्या सुट्टीत त्यांच्याजवळ बसा, ऐकलेलं जसंच्या तसं देवनागरीत टंकून ठेवा, आणि मग त्यातली अक्षरं मोजा.