परसबागेतील वाफशाचे दिवस

दसरा झाला की दारावरचे झेंडूचे तोरण दोन दिवसांत सुकते, आणि त्याच सुमारास इंदूर, देवास, धार या बाजूच्या परसांत जमिनीला पहिल्या बारीक भेगा दिसू लागतात. पाऊस परतलेला असतो. दुपारचे ऊन चांगलेच चटका देते, पण पहाटे पांघरूण अंगावर ओढून घ्यावेसे वाटते. पुष्कळ घरांत या दिवसांत बागेकडे लक्ष नसते. पावसाने सारे हिरवेगार करून ठेवलेले, समोर दिवाळीची झाडलोट आणि फराळ. तेव्हा बागेचे दिवाळीनंतर पाहू, असे सहजच ठरते. माळव्याच्या काळ्या जमिनीत मात्र हा विलंब महाग पडतो. हिवाळ्याची सारी भाजी आणि सारी फुले या पंधरा-वीस दिवसांत काय केले यावर अवलंबून असतात.

याचे कारण त्या मातीतच आहे. काळ्या मातीत चिकणमातीचा अंश फार. ती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की आकसते. ओली असताना तीत कुदळ घातली तर ढेकळे निघतात आणि उन्हात ती विटेसारखी कडक होतात. मग ती फोडता फोडता महिना जातो. उलट, पूर्ण वाळल्यावर खणावयास जावे तर कुदळीचे पाते उसळून परत येते. या दोहोंच्या मधे जी अवस्था असते तिला शेतकरी 'वाफसा' म्हणतात. शेतीशी संबंध सुटलेल्या शहरी कुटुंबांतून हा शब्द मागे पडला आहे, पण परसातल्या चार वाफ्यांनाही तो तितकाच लागू आहे.

वाफसा ओळखणे अवघड नाही. वीतभर खोलीची मूठभर माती घेऊन तिचा लाडू वळावा आणि कमरेच्या उंचीवरून तो खाली टाकावा. पडताच तो विस्कटला तर खणण्याची वेळ झाली. तसाच चपटा बसला तर दोन-चार दिवस थांबावे. लाडू वळलाच नाही तर वेळ टळली असे समजावे. मग वाफ्याला हलके पाणी देऊन वाफशाची पुन्हा वाट पाहणे एवढेच हाती राहते. ग्वाल्हेरकडील गाळाची माती याहून हलकी असल्याने ती पुष्कळ दिवस खणता येते, पण ती सुकतेही लवकर. बेळगावकडे परतीचा पाऊस ऑक्टोबरातही हजेरी लावतो, म्हणून तेथे दसऱ्याचा मुहूर्त धरण्यात अर्थ नाही. बडोद्याला थंडी बेताची आणि उशिरा येणारी; तेथे आठ-पंधरा दिवस पुढे सरकले तरी चालते.

वीतभर खोल खणून माती आठ दिवस उन्हात तापू द्यावी. त्यानंतर चांगले कुजलेले शेणखत मिसळावे. अर्धवट कुजलेले खत घालण्याचा मोह पुष्कळांना होतो. ते मातीत गेल्यावर तापते, कोवळी मुळे जाळते आणि वर वाळवीला आमंत्रण देते. काळी माती मोकळी करण्यासाठी टोपलीभर वाळू घालण्याची चाल आहे, तिचाही उपयोग फारसा होत नाही. थोडी वाळू चिकणमातीत नुसती रुतून बसते. माती मोकळी करते ते खतच, आणि तेही एका वर्षात नव्हे.

खणण्यापूर्वीचे एक काम मात्र आणखी तातडीचे आहे. पावसाळ्यात माजलेले तण बी धरण्याच्या आत उपटले पाहिजे. टाकळ्याच्या शेंगा आणि आघाड्याचे तुरे याच दिवसांत पिकतात. त्यांत आता गाजरगवताची भर पडली आहे. 1955 च्या सुमारास पुण्यात प्रथम नोंदले गेलेले हे परदेशी तण आज देशभर पसरले आहे. त्याच्या स्पर्शाने अनेकांच्या अंगाला खाज सुटते, म्हणून ते हातमोजे घालून किंवा हाताला पिशवी बांधून उपटावे. पांढरी फुले येण्यापूर्वीचे गाजरगवत खताच्या खड्ड्यात टाकण्यास हरकत नाही. फुलावर आलेले टाकू नये, कारण त्याचे बी त्याच खतातून पुढल्या वर्षी वाफ्यात परत येते. तोरणासाठी खुडून संपलेला झेंडू मात्र उपटून, तुकडे करून, खुशाल मातीत गाडावा. झेंडूच्या मुळांतील द्रव्य मुळांना गाठी आणणाऱ्या सूत्रकृमींना बाधते. टोमॅटो लावावयाचा तो झेंडूच्या जागी लावणे हे त्यामुळे शहाणपणाचे.

विलायती बागकामाच्या पुस्तकांत शरदातले मोठे काम म्हणून पाचोळा गोळा करण्याचे वर्णन असते. ते वाचून इकडे खराटा घेऊन बसण्याचे कारण नाही. आपल्याकडची बहुतेक झाडे पाने टाकतात ती शिशिरात, होळीच्या अलीकडे. आश्विनातला खड्डा तणावर आणि वेलींच्या वाळल्या पसाऱ्यावर भरावयाचा असतो. दोडके, काकडी, घोसाळी यांचे वेल आता थकलेले असतात. दोन फळांच्या आशेने ते मांडवावर ठेवले तर त्यांवरची कीड नव्या रोपांवर उतरते.

पेरणीचा क्रम उन्हाच्या मानाने ठरवावा. मेथी, पालक आणि मुळा आधी. कोजागिरीला पेरलेली मेथी त्रिपुरी पौर्णिमेच्या आसपास खुडणीस येते. मात्र सारी मेथी एकाच दिवशी न पेरता पंधरा दिवसांच्या अंतराने दोन-तीन वाफे करावेत, नाही तर एक आठवडा घरात मेथीच मेथी आणि पुढे काहीच नाही, असे होते. धणे रगडून दोन फाका करावे आणि रात्रभर भिजवून पेरावे. लसणाच्या पाकळ्या टोकाची बाजू वर ठेवून चार-चार बोटांवर टोचाव्या. मटाराला ऊन सोसत नाही. तो दिवाळी उलटल्यावरच. कोबी, फुलकोबी, टोमॅटो आणि कांदा यांचे बी मात्र थेट न पेरता गादीवाफ्यावर टाकून रोपे करावी लागतात. गादीवाफा वीतभर उंच असावा, कारण पाणी साचले की रोपे जमिनीलगत कुजून मान टाकतात, आणि एकदा ही मर लागली की रात्रीत अर्धा वाफा जातो. बी दाट टाकणे आणि संध्याकाळी पाणी घालणे या दोन सवयी तिला मदत करतात. पाणी झारीने आणि सकाळी द्यावे. कोबीची रोपे चार-पाच आठवड्यांत हलवण्याजोगी होतात, कांद्याला सहा-सात आठवडे लागतात. वाफा लांबला तर रोपेही लांबतात, आणि उशिरा लावलेल्या फुलकोबीचा गड्डा भरण्याच्या वेळी ऊन तापू लागलेले असते.

गुलाबाची छाटणी हा आश्विनातला सर्वांत भीतीचा प्रसंग. हिरवीगार फांदी कापण्यास हात धजत नाही. तरीही जून, वाळकी आणि एकमेकींवर घासणारी फांदी काढून, उरलेल्या सशक्त फांद्या निम्म्यापर्यंत आणल्याखेरीज हिवाळ्यात मोठी फुले मिळत नाहीत. काप बाहेरच्या अंगाच्या डोळ्याच्या किंचित वर, तिरपा आणि धारदार कात्रीने घ्यावा. बोथट कात्रीने फांदी चिरते आणि वरून खाली वाळत जाते. डोळा भरलेल्या कलमाच्या सांध्याखालून येणारा फुटवा दिसताच मुळाशी उपटावा. तो खुंटाचा असतो, जोमाने वाढतो आणि त्याच्यावर बाग खूश असते, पण दोन वर्षांत मूळ गुलाब नाहीसा होतो. छाटणीनंतर जुने माळी मुळे उघडी करून आठवडाभर उन्हात ठेवीत. त्यात पाणी पिणारी बारीक मुळे सुकून जातात. वरची दोन-तीन इंच माती काढून तेथे खत भरणे पुरेसे आहे. एवढे झाले की सहा-सात आठवड्यांत फुले येतात.

शेवंतीला या दिवसांत छाटावयाचे नसते, आधार द्यावयाचा असतो. ती मोठ्या रात्रीची वनस्पती आहे. रात्र पुरेशी लांबली म्हणजे तिला कळ्या धरतात. शहरातील कित्येक घरी शेवंतीची कुंडी वाढते, हिरवी राहते आणि फुलत मात्र नाही. खताला दोष दिला जातो. कारण बहुधा फाटकावरच्या दिव्यात असते. रात्रभर उजेड पडला की त्या झाडाच्या हिशेबी रात्र होतच नाही. कुंडी चार हात अंधारात सरकवली तर काम होते.

थंडीची तयारीही कार्तिकातच करावी लागते, कारण पौषात कडाका पडतो तेव्हा गवत शोधण्यास वेळ नसतो. ग्वाल्हेरला पारा कित्येक रात्री पाच अंशांच्या खाली उतरतो. इंदूरलाही एखाददुसरी रात्र तशी येते. पपई, केळ, टोमॅटो, आंब्याचे नवे कलम आणि अंगणातली तुळस ही त्या रात्री काळवंडतात. कार्तिकानंतर त्यांना नत्राचे खत देऊ नये. त्याने जी लुसलुशीत पालवी फुटते तीच आधी जळते. तुळशीचे लग्न लागले की मंजिऱ्या खुडून बी डबीत ठेवावे, म्हणजे झाड गेलेच तरी वृंदावन रिकामे राहत नाही. लहान कलमांवर कडब्याचे किंवा गवताचे खोपटे करावे, पण त्याची आग्नेयेची बाजू उघडी ठेवावी. सकाळचे पहिले ऊन तेथूनच आत येते. कडाक्याची रात्र दिसू लागली तर दुपारीच वाफ्यांना पाणी द्यावे, कारण ओली जमीन दिवसाची ऊब अधिक धरून ठेवते. रोपांवर टाकलेली पोती सकाळी ऊन चढताच काढावीत. कलमांवरचे खोपटे मात्र वसंतपंचमीपर्यंत राहू द्यावे.