जामचा दगड, तांब्याची तार

पांढुर्ण्यात जाम नदीचा दगड म्हटलं की एकच गोष्ट आठवते. पोळ्याचा दुसरा दिवस, नदीच्या मधोमध रोवलेलं पळसाचं झाड, त्यावरचा झेंडा, अलीकडे पांढुर्णा, पलीकडे सावरगाव. दोन्ही गावांच्या दगडफेकीच्या, गोटमारीच्या त्या घाईत दगडाच्या खालच्या बाजूला कोण बसलंय हे बघायला कुणाला फुरसत असते?

फुरसत असेल तर दिवाळीनंतर, पाणी निवळलं की, गावाच्या वरच्या अंगाला जावं. घोटाभर पाण्यात धार खळखळत असते, तिथला मुठीहून थोडा मोठा दगड हलकेच उचलून उलटा करावा. ओल्या दगडावर आधी काहीच दिसत नाही. जरा थांबलं की दगडावरचाच एखादा ठिपका चालू लागतो. तांदळाच्या दाण्याएवढा, चपटा, सहा पायांचा. मागे केसासारख्या तीन शेपट्या आणि पोटाच्या दोन्ही कडांना सारखी फडफडणारी इवली पानं. ती पानं म्हणजे त्याचे कल्ले. हे मे-माशीचं पाण्यातलं पोर. इंग्रजीत त्याला निम्फ म्हणतात. शेजारी वाळू आणि काडीकचऱ्याची नळी पांघरून एखादी अळी सरकत असेल तर ती कॅडिस माशीची.

कित्येक महिने हा जीव दगडावरचं शेवाळ खरवडत राहतो, वीस-वीस वेळा कात टाकतो आणि एका संध्याकाळी वर येऊन पंख उघडतो. पंख फुटल्यावरही आणखी एकदा कात टाकणारा कीटकांत हा एकटाच. त्यानंतर खाणंपिणं बंद. दिवसा-दोन दिवसांत जोडी, अंडी आणि शेवट. आता माशाच्या बाजूनं हिशेब करा. पंखवाली माशी मिळते घटकाभर, निम्फ मिळतो बारा महिने. थंड पाण्यातला ट्राउट आपलं बहुतेक जेवण पाण्याखालीच उरकतो, ते यामुळे. निम्फची मासेमारी या हिशेबावर उभी आहे.

ट्राउट जाममध्ये नाही, कन्हानमध्ये नाही आणि कधी होणारही नाही. पाणी वीस अंशांच्या वर तापलं की तो कासावीस होतो. आपल्याकडच्या सौंसरच्या मे महिन्याबद्दल वेगळं सांगायला नको. पण त्याला धरण्याची ही विद्या दगड उलटण्यापासून सुरू होते आणि दगड आपल्याकडे भरपूर आहेत, म्हणून हा परिचय.

आधी काठीचं बघू. लहानपणी आम्ही गरी टाकायचो तिला गांडूळ नाहीतर कणकेची गोळी, वर तरंगायला ज्वारीच्या धांड्याचा तुकडा, खाली शिसं. शिशाच्या वजनानं दोरी लांब जायची, धांडा बुडाला की हिसका. फ्लाय-फिशिंगमध्ये हे सगळं उलटं होतं. गरीवर आमिष नसतं, पिसं आणि दोऱ्यानं बांधलेला खोटा किडा असतो, आणि दोरी ओढून नेईल असं वजन त्याला नसतं. मग तो लांब जाणार कसा? तर दोरीच जाड आणि जड असते. काठीच्या झोक्यानं दोरी हवेत उलगडते, तिच्या टोकाशी वाव-दीड वाव बारीक पारदर्शक धागा असतो (त्याला लीडर म्हणतात) आणि त्याच्या टोकाला किडा. बैलाच्या पाठीवरून नुसता हवेत फिरवलेला आसूड आठवा. आसूडाच्या टोकाला दगड बांधावा लागत नाही.

या विद्येत एकेकाळी सोवळं-ओवळं होतं. फ्रेडरिक हॅलफर्ड या इंग्रज गृहस्थानं 1886 आणि 1889 मध्ये दोन पुस्तकं लिहिली आणि दक्षिण इंग्लंडच्या चुनखडीच्या नद्यांवर कायदाच झाल्यासारखं झालं: मासा वर येऊन माशी टिपताना दिसला तरच, तरंगणाऱ्या कोरड्या माशीनंच त्याला धरायचं. पाण्याखाली काही टाकणं हे सभ्य माणसाचं लक्षण नव्हे. या सोवळ्याला धक्का दिला जी. ई. एम. स्क्यूज या लंडनच्या वकिलानं. इचेन नदीवर तो मासा धरला की हाडातला मगज काढायच्या अरुंद चमच्यानं त्याच्या पोटातलं अन्न काढी आणि पाण्यात पसरून बघे. बहुतेक निम्फच निघत. 1910 मध्ये त्यानं ते पुस्तक लिहून मांडलं, 1921 मध्ये पुन्हा मांडलं. 1938 मध्ये फ्लायफिशर्स क्लबात या प्रश्नावर रीतसर वादविवाद झाला. ऐंशीला टेकलेला स्क्यूज एका बाजूला, हॅलफर्डचे अनुयायी दुसऱ्या. ज्या पाण्यावर 1883 पासून तो मासे धरत होता ते पाणी त्यानं या वादाच्याच वर्षी सोडलं. वकिलाकडे पुरावा होता, समोर पंगतीचा नियम होता. अशा खटल्यात पुरावा हरतो, हे आपल्याला काही नवीन नाही.

खरा कारागीर मात्र वकील नव्हता, पुस्तकी माणूसही नव्हता. फ्रँक सॉयर (1906–1980) हा विल्टशरमधल्या नेदरेव्हन गावी एव्हन नदीचा राखणदार होता, लष्करी अधिकाऱ्यांच्या मासेमारी संघाचा पगारी नोकर. पाणवनस्पती कापायच्या, गाळ काढायचा, साहेब लोकांसाठी नदी राखायची, हे त्याचं काम. नदीत दिवसचे दिवस उभा राहणारा हा माणूस निम्फ पोहतो कसा ते बघत राहिला. त्याच्या दोन गोष्टी ध्यानात आल्या. पोहणारा निम्फ पाय अंगाशी घट्ट आवळून घेतो, म्हणजे खोट्या निम्फला पाय लावायची गरज नाही. आणि निम्फ खाली असतो, म्हणजे खोटाही झटकन खाली गेला पाहिजे.

मग त्यानं दोरा बाजूला ठेवला आणि केसासारखी बारीक तांब्याची तार घेतली. ती तार आपल्याला परकी नाही. संत्र्याच्या बगीच्यातल्या विहिरीवरची मोटर जळते तेव्हा वाइंडिंगवाल्याच्या दुकानात तारांचे पुंजके पडलेले असतात. मोटरची तार जरा जाड पडते. पंख्याच्या वाइंडिंगची चालून जाईल. सॉयरची कृती अशी. गरीच्या दांडीवर तार गुंडाळायची आणि गरीच्या डोळ्याच्या, म्हणजे धागा ओवायच्या भोकाच्या, अलीकडे चार-सहा वेढे जास्त देऊन छातीचा उंचवटा करायचा. फेझंट नावाच्या पक्ष्याच्या नराच्या शेपटीतले लालसर तपकिरी चार तंतू घ्यायचे. त्यांची टोकं गरीच्या वळणाजवळ तारेनं बांधायची, थोडी मागे राहू द्यायची. ती झाली शेपूट. उरलेले तंतू तारेभोवती पिळून पुढे डोळ्यापर्यंत वेढत न्यायचे. ते झालं अंग. मग तार मोकळी करून नुसते तंतू उंचवट्यावरून मागे-पुढे दुमडायचे, प्रत्येक दुमडीला तारेचा वेढा. ती झाली फुटू घातलेल्या पंखांची पेटी. दोन गाठी, कात्री, संपलं. तार हीच दोरा, तार हेच वजन, आणि तंतूंमधून चमकणारं तांबं हाच रंग. वस्तू दोनच, सरावलेला हात पाच मिनिटांत बांधतो. 1958 मध्ये त्याचं निम्फवरचं पुस्तक आलं. त्यानंतर हजारो प्रकारचे निम्फ निघाले, सोनेरी मण्यांचे, रबरी पायांचे, पण माझ्या मते त्या चार तंतूंच्या पुढे खरं असं कुणी गेलेलं नाही.

त्याचा दुसरा किडा तर याहून साधा. तार आणि मोजे रफू करायची लोकर, बस. ही लोकर एका विशिष्ट कंपनीची, विशिष्ट क्रमांकाचीच लागे, कारण भिजल्यावर ती गुलाबी झाक धरी. कंपनीनं ती बनवणं थांबवलं तेव्हा इंग्लंडातले गळवाले जुन्या शिवणाच्या पेट्या धुंडाळत फिरले. वेड सगळीकडे सारखंच.

टाकायचा कसा? इथे फिरवाफिरवी थोडी आणि शिस्त जास्त. मासा धारेकडे तोंड करून उभा असतो, म्हणून माणसानं त्याच्या मागून, खालच्या अंगानं यायचं आणि निम्फ वरच्या बाजूला टाकायचा. निम्फ पाण्याबरोबर खाली वाहत येतो, काठी हळूहळू उचलत ढिली दोरी आवरत राहायची. गोम अशी की पाण्याचा वरचा थर जोरात पळतो आणि तळाशी तो मंद असतो. दोरी वरच्या पाण्यावर पडून राहिली की ती निम्फला ओढते, आणि खालचा मासा बघतो की हा किडा बाकीच्या काडीकचऱ्याहून भराभर चाललाय. तो शहाणा असतो, सोडून देतो. म्हणून नवशिक्यानं लांब फेकण्याचा मोह सोडावा. तीन-चार वाव पुरे, काठीचं टोक उंच, पाण्यावर दोरी कमीत कमी. पोलंड आणि चेकोस्लोव्हाकियातल्या मंडळींनी 1980 च्या दशकात हेच टोकाला नेलं: जड निम्फ, जवळजवळ काठीच्या टोकाखालीच, दोरी पाण्याला टेकवायचीच नाही. स्पर्धांमध्ये त्यांनी भल्याभल्यांना पाणी पाजलं.

मासा लागल्याचं कळतं कसं, हा खरा कस. हिसका बसत नाही. ट्राउट निम्फ तोंडात ओढतो आणि खोटा वाटला तर क्षणात थुंकतो. लीडर जिथे पाण्यात शिरतो तिथे नजर ठेवायची. तो अडखळला, थबकला, बाजूला सरकला की काठी उचलायची. दगड लागला असेल, पान लागलं असेल, तरी उचलायची. हल्ली त्या जागी लोकरीचा भडक रंगाचा फुंदका बांधतात, म्हणजे आमचा ज्वारीचा धांडाच परत आला. सॉयरचा आणखी एक डाव होता. निम्फ माशासमोर आला की काठी किंचित वर न्यायची. वाहत चाललेला किडा एकदम वर उठतो, निसटून चालल्यासारखा, आणि मांजराचा पंजा पडावा तसा मासा त्यावर पडतो.

हे करून बघायचं तर पांढुर्णा स्टेशनावरून दिल्लीची गाडी धरावी लागेल. काश्मिरात ब्रिटनहून ट्राउटची पहिली खेप 1899 मध्ये निघाली, ती वाटेतच मेली. 1900 ची तगली आणि श्रीनगरच्या आसपास वाढली. पुढे कुलूत बियासला आणि तिच्या उपनद्यांना ट्राउट आला. आज हिमाचलमधल्या तीर्थनवर मत्स्य विभागाचा परवाना काढून कुणीही जाऊ शकतं.

आणि घरी? आपल्या नद्यांची माशांशी ओळख जुनी आहे, नावांसकट. कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्यानं 1839 च्या सुमारास दख्खनचे मासे शास्त्रात नोंदवले तेव्हा लोकांच्या तोंडची नावंच लॅटिनला जोडली. हनुवटीखालच्या चकतीनं दगडाला चिकटणारा मल्या आजही शास्त्रात गॅरा मल्या आहे, खुद्री टॉर खुद्री आहे. मल्या शेवाळ खरवडतो, तो निम्फकडे ढुंकून बघणार नाही. पण उथळ धारेत उभ्या पट्ट्यांचा बोटभर बॅरिलियस असतो, तो किड्यांवरच जगतो, आणि चार तंतूंच्या बारीक निम्फवर येतो. ताटात वाढण्याजोगा नाही, हातात धरून बघावा आणि सोडावा असा.

सगळ्यात आधी मात्र दगड. मे-माशी, स्टोनफ्लाय आणि कॅडिस या तिघांवरून जगभर पाण्याचा कस ठरवतात. सांडपाणी आलं की ही मंडळी सगळ्यांच्या आधी नाहीशी होतात. मल्या, बॅरिलियस सोडा, तुमच्या गावाच्या वर आणि गावाच्या खाली एकेक दगड उलटून शेपट्या मोजल्या तरी पुष्कळ कळेल. 16 जून ते 15 ऑगस्ट मध्य प्रदेशात नदीतली मासेमारी बंद असते, तेव्हा गरी घरीच ठेवा. आणि दगड कधीही उचला, बघून झालं की जिथला तिथे, ओली बाजू खाली करून ठेवा.