जामीनदार, मुक्काम वांद्रे-कुर्ला

पतसंस्थेच्या कर्जाच्या फॉर्मात एक रकाना हमखास असतो: जामीनदार दोन, त्यातला एक पगारदार. मग शोधाशोध सुरू होते. झेडपीच्या शाळेतला शिक्षक, एसटीतला कंडक्टर, साखर कारखान्यातला कारकून, ज्याच्या हातात दरमहा पगाराची स्लिप पडते त्याच्या घरी लांबचे पाहुणे अचानक चहाला येऊ लागतात. घरातली वडीलधारी माणसं त्याला आधीच बजावून ठेवतात, बाकी काय हवं ते कर, पण कुणाला जामीन राहू नकोस. ही नुसती भित्र्यांची समजूत नव्हे. १८७२ च्या भारतीय करार कायद्याचं १२८ वं कलम तेच म्हणतं: करारात वेगळं काही ठरलेलं नसेल तर जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच. बँकेनं आधी कर्जदाराकडे जावं आणि मग तुमच्याकडे, असाही नियम नाही.

लहान कारखानदाराची अडचण याच्या एक पायरी पुढची. त्याला लेथ घ्यायची असते, पॉवर प्रेस बसवायचा असतो, कच्च्या मालासाठी सीसी, म्हणजे कॅश क्रेडिट, हवी असते. एवढ्या रकमेला शिक्षकाची सही पुरत नाही. बँक तारण मागते. तारण म्हणजे जमीन किंवा घर, आणि तिथं आपल्याकडच्या मालमत्तेचे सगळे गुंते बाहेर पडतात. सात-बाऱ्यावर चार भावांची आणि दोन बहिणींची नावं, त्यातली एक सही द्यायला तयार नाही. गावठाणातलं घर तीन पिढ्यांचं, पण कागद म्हणाल तर ग्रामपंचायतीचा नमुना आठचा उतारा. शहरातली खोली गुंठेवारीतली, गाळा भाड्याचा. धंदा चाललेला आहे, ऑर्डर हातात आहे, जीएसटीचे रिटर्न वेळेवर भरलेले आहेत, आणि बँकेपुढे गहाण ठेवायला मात्र काही नाही.

अशा माणसाच्या कर्जाला जामीन राहणारी एक संस्था मुंबईत आहे. वांद्रे-कुर्ला संकुलात सिडबीची, म्हणजे लघुउद्योग विकास बँकेची, ‘स्वावलंबन भवन’ नावाची इमारत आहे, तिथं तिचं कार्यालय. पूर्ण नाव उच्चारताना दम लागतो: क्रेडिट गॅरंटी फंड ट्रस्ट फॉर मायक्रो अँड स्मॉल एंटरप्रायझेस. आद्याक्षरांनी सीजीटीएमएसई, आणि बँकेच्या शाखेत किंवा सीएच्या केबिनमध्ये नुसतं ‘सीजीटी’. ‘तारण नाही ना? मग सीजीटीत बसवू,’ असं कर्जविभागातला अधिकारी म्हणाला की समजावं, फाईल पुढे सरकण्याची शक्यता आहे.

केंद्र सरकार आणि सिडबी यांनी मिळून हा ट्रस्ट २००० साली उभा केला. निधीत वाटा चारास एक, म्हणजे सरकारचे चार रुपये तर सिडबीचा एक. कल्पना तेव्हाही नवी नव्हती. टोकियोत अशी हमी देणारी संस्था १९३७ मध्येच निघाली होती. आपल्याकडे रिझर्व्ह बँकेनं सरकारच्या वतीनं १ जुलै १९६० पासून लघुउद्योगांच्या कर्जांना हमी द्यायला सुरुवात केली. १९७१ मध्ये त्यासाठी क्रेडिट गॅरंटी कॉर्पोरेशन निघालं, आणि १९७८ मध्ये ते ठेव विमा महामंडळात विलीन झालं. आज बँक बुडाली की पाच लाखांपर्यंतची ठेव परत देणारं जे डीआयसीजीसी आहे, त्याच्या नावातली ‘क्रेडिट गॅरंटी’ ही अक्षरं त्या काळाची. दाव्यांचा बोजा वाढत गेला, हमीचं शुल्क वाढवावं लागलं, आणि नव्वदीच्या दशकात बँका एकेक करून बाहेर पडल्या. नाव उरलं, काम संपलं. नवा ट्रस्ट त्या जागेवर आला, आणि जुन्याचं जे झालं ते आपलं होऊ नये ही धास्ती त्याच्या नियमांत जागोजागी दिसते.

व्यवहार असा चालतो. उद्योजक बँकेकडे जातो, ट्रस्टकडे नाही. त्यानं ट्रस्टला अर्ज करायचाच नसतो. बँक प्रोजेक्ट रिपोर्ट, कोटेशन, सिबिल, उद्यम नोंदणी वगैरे पाहून स्वतःच्या निर्णयानं कर्ज मंजूर करते आणि मग ऑनलाइन पोर्टलवर त्या खात्याची हमी घेते. कर्जातून घेतलेलं मशीन आणि माल बँकेकडे नजरगहाण राहतोच. मालकाची वैयक्तिक हमीही घेता येते. हमी घेतलेल्या रकमेला चालत नाही ते वेगळं तारण आणि तिऱ्हाइताचा जामीन. मेव्हण्याला सही करायला आणायचं नाही, हा नियमाचा गाभा. हमी दिल्याबद्दल ट्रस्ट दरसाल शुल्क घेतो. ते भरण्याची जबाबदारी बँकेची, पण बँक ते कर्जदाराकडून वसूल करू शकते, आणि बहुतेक वेळा करते.

कर्ज थकलं तर? हमीला सुरुवातीचा १८ महिन्यांचा काळ असतो, त्यात दावा करता येत नाही. त्यानंतर खातं एनपीए झालं की बँक दावा दाखल करते. समजा सूक्ष्म उद्योगाला दिलेलं पाच लाखांचं कर्ज सगळंच बुडालं. त्यावर हमी ८५ टक्के, म्हणजे सव्वाचार लाख. त्याचा पंचाहत्तर टक्के भाग, ३ लाख १८ हजार ७५० रुपये, बँकेला पहिल्या हप्त्यात मिळतो. उरलेला वसुलीचे सगळे प्रयत्न संपल्यावर. पहिल्या हप्त्यासाठीसुद्धा बँकेला आधी कोर्टाची पायरी चढावी लागते. पाच लाखांपर्यंतच्या कर्जांना यातून सूट होती, २०२३ मध्ये ती दहा लाखांपर्यंत वाढवली. बरोबरच केलं. एवढ्या लहान थकबाकीसाठी वकिलाची फी भरत तारखा घेण्यात कुणाचंच भलं नव्हतं.

इथं सर्वात मोठा गैरसमज सांगून टाकायला हवा. हमी बँकेला आहे, कर्जदाराला नाही. ट्रस्टनं बँकेला पैसे दिले म्हणून कर्जदार सुटत नाही. वसुली चालू राहते, सिबिल बिघडलेलं राहतं, आणि नंतर जे वसूल होईल त्यातला हिस्सा बँकेला ट्रस्टकडे पाठवावा लागतो. ‘सरकारनं गॅरंटी घेतलीय, आता हप्ता कशाला’ असं चहाच्या टपरीवर ऐकू येतं, ते चूक आहे. ही कर्जमाफी नाही आणि कर्जदाराच्या हातात पडणारी सबसिडीही नाही. जिल्हा उद्योग केंद्रातून केंद्राच्या पीएमईजीपी योजनेचं किंवा राज्याच्या सीएमईजीपीचं अनुदान मिळतं, ते प्रकरण वेगळं. त्या कर्जावर सीजीटीची हमी असू शकते, पण दोन्ही एकच नव्हेत. मुद्रा कर्जालाही हमी असते, पण ती दुसऱ्याच निधीची. कोविडमध्ये मे २०२० पासून चालू उद्योगांना जादा कर्जावर शंभर टक्के हमी मिळाली, तीही सीजीटीची नव्हती. नॅशनल क्रेडिट गॅरंटी ट्रस्टी कंपनी या २०१४ साली निघालेल्या संस्थेची होती. दिल्लीला नवीन हमी योजना काढायला आवडतं. कोणती हमी कुणाची हे सांगताना शाखेतला नवा अधिकारीही अडखळतो. या गोंधळावर ‘सीजीटीतून लोन करून देतो, आधी फी भरा’ म्हणणारे एजंट पोट भरतात. ट्रस्टनं एकही एजंट नेमलेला नाही आणि कर्जदाराचा त्याच्याशी थेट संबंधच येत नाही, एवढं लक्षात ठेवलं तरी पुष्कळ.

आता हिशेब, कारण या संस्थेची खरी गंमत तिथं आहे. २०२३ च्या अर्थसंकल्पात ट्रस्टच्या निधीत ९,००० कोटींची भर पडली आणि १ एप्रिलपासून शुल्क उतरलं. पूर्वी ते वर्षाला दोन टक्क्यांपर्यंत जाई. दहा लाखांपर्यंतच्या कर्जाला ते ०.३७ टक्के झालं. म्हणजे दहा लाखांवर वर्षाला ३,७०० रुपये. अशी शंभर कर्जं धरा: वर्षाला जमा ३ लाख ७० हजार. आणि त्यातलं एकच कर्ज पूर्ण बुडालं, हमी ७५ टक्के असली, तर देणं साडेसात लाख. शंभर जणांचं दोन वर्षांचं शुल्क एका थकबाकीदाराला पुरत नाही! वसुलीतून थोडं परत येतं हे खरं, तरी नुसत्या शुल्कावर हे गाडं चालणार नाही हे शाळकरी पोरालाही कळेल. उरलेला भार सरकारचा निधी आणि त्यावरचं व्याज उचलतं. तेव्हा हमीचं शुल्क ही बाजारभावाची किंमत नाही. सरकारनं मुद्दाम कमी ठेवलेली किंमत आहे, आणि फरक तुम्ही-आम्ही कररूपानं भरतो. मला त्यात गैर काही वाटत नाही. फक्त ते अनुदान आहे असं म्हणावं, आणि दर वर्षी किती गेलं ते ठळक छापावं. ज्या बँकेची हमीतली खाती जास्त थकतात तिला शुल्क चढं लागतं. जुन्या योजनेच्या अनुभवावरचा हा उतारा असावा.

शुल्क उतरल्याचा परिणाम लगेच दिसला. शुल्क उतरण्याआधीच्या वर्षी, २०२२-२३ मध्ये, ट्रस्टनं पहिल्यांदा एका वर्षात एक लाख कोटींच्या हमीचा टप्पा गाठला. पुढच्याच वर्षी आकडा दोन लाख कोटींवर गेला. कर्जाची कमाल मर्यादाही लाखांतून कोटींत गेली: २०१७ मध्ये दोन कोटी, २०२३ मध्ये पाच, आणि १ एप्रिल २०२५ पासून दहा कोटी. किरकोळ दुकानदार बरीच वर्षं या योजनेच्या बाहेर होता, त्याला २०१८ मध्ये आत घेतलं. महिलांच्या उद्योगांना मिळणारी हमी २०२४ च्या अखेरीस ९० टक्क्यांवर गेली.

मग तरीही शाखेत तारण का मागतात? रिझर्व्ह बँकेनं २०१० मध्ये स्पष्ट आदेश दिला होता की सूक्ष्म आणि लघु उद्योगांना दहा लाखांपर्यंतच्या कर्जाला तारण घ्यायचं नाही. आदेश बंधनकारक होता, शिवाय हमी असलेल्या भागावर बँकेला जोखमीचं भांडवल अडकवून ठेवावं लागत नाही. कागदावर बँकेनं ‘नाही’ म्हणायला कारण उरत नाही. पण कर्ज कागद देत नाही, माणूस देतो. खातं थकलं की ट्रस्टचे पैसे येतात ते बँकेच्या खात्यात. खुलासा मागितला जातो तो ज्यानं फाईलवर सही केली त्या अधिकाऱ्याला. जागेची पाहणी केली होती का, सिबिल पाहिलं होतं का, पैसे मशीन विकणाऱ्याच्या खात्यात गेले की आणखी कुठे? यात कुठं कसूर सापडली तर ट्रस्ट दावा नाकारू शकतो, आणि मग सगळं बालंट त्या सहीवर. बढतीच्या उंबऱ्यावर उभ्या असलेल्या अधिकाऱ्याला सासऱ्याच्या फ्लॅटचे कागद फाईलमध्ये असले की रात्री झोप लागते. त्याला भ्याड म्हणणं सोपं आहे. खरी गोष्ट ही की ट्रस्टनं बँकेच्या नुकसानीला जामीन दिला, अधिकाऱ्याच्या निर्णयाला नाही. मर्यादा दहा कोटींवर नेली तरी ही भीती तसूभर कमी होत नाही. उलट रक्कम मोठी, म्हणून चौकशीही मोठी.

थोडं तारण आणि उरलेल्या रकमेला हमी अशी संमिश्र सोय २०१८ पासून आहे, तिला व्यवहारी तडजोड म्हणायला हरकत नाही. पण ज्याच्याकडे काहीच नाही त्याचा प्रश्न तिनं सुटत नाही.

या बाबतीत ट्रस्टचं सर्वात धीट काम मला त्याच्या सर्वात लहान कर्जात दिसतं. जून २०२० मध्ये, टाळेबंदीनं हातगाड्या रिकाम्या झालेल्या असताना, पीएम स्वनिधी योजना आली: फेरीवाल्यांना तेव्हा पहिलं कर्ज दहा हजारांचं, फेडलं तर पुढचं मोठं. त्याची हमीही याच ट्रस्टकडे सोपवली. दहा कोटींच्या कारखान्याला आणि मंडईबाहेर कोथिंबिरीच्या जुड्या विकणाऱ्या बाईला एकच जामीनदार. हमीची रीत मात्र वेगळी. प्रत्येक खात्याचा दावा तपासत बसायचं नाही. बँकेनं वर्षभरात दिलेली सगळी कर्जं एकत्र धरायची. त्यातल्या पहिल्या पाच टक्क्यांपर्यंतच्या थकबाकीचं नुकसान ट्रस्ट पूर्ण भरून देणार, पाच ते पंधरा टक्क्यांच्या टप्प्यातलं पंचाहत्तर टक्के, त्यापुढचं बँकेचं बँकेनं पाहायचं. फेरीवाल्यांची नावं नगरपालिकेकडून येत होती. एका अमुक बाईनं हप्ता का चुकवला याचा जाब एका अमुक अधिकाऱ्याला विचारण्याला या रचनेत फारसा अर्थच उरत नाही.

हीच रीत वीस-पंचवीस लाखांच्या कर्जांना लावावी असं काही जण सुचवतात. मोह होण्यासारखीच गोष्ट आहे, पण मला ती पटत नाही. दहा हजारांचा निर्णय पालिकेच्या यादीवरून घेता येतो. पंचवीस लाखांचा घ्यायचा तर कुणीतरी भोसरीच्या किंवा शिरोलीच्या शेडमध्ये उभं राहून बघावं लागतं की कोटेशनमधलं मशीन खरंच आलंय का, आणि मालकाला त्याच्या धंद्यातलं कळतं का. वांद्रे-कुर्ल्याचा ट्रस्ट हे बघू शकत नाही, त्याच्याकडे तेवढी माणसं नाहीत. ते शाखेचंच काम आहे, आणि शाखेत कर्जाच्या टेबलावर बहुतेक ठिकाणी एकच अधिकारी असतो, त्याच्याकडे शेतीकर्जाच्या फायलीही असतात आणि दोन-तीन वर्षांत त्याची बदली ठरलेली असते.